ताण खरा, उतारा खोटा

महाविद्यालयातल्या कोणत्याही मुलाला विचारा, व्हेप का ओढतोस. पहिले उत्तर बहुधा एकच येते. टेन्शन. सबमिशन तोंडावर आले आहे, मागच्या वर्षीची केटी सुटलेली नाही, प्लेसमेंटला कंपन्या कमी येणार म्हणतात, घरून रोज फोन येतो. या उत्तरावर मोठी माणसे दोन तऱ्हांनी वागतात. काही जण तो बहाणा समजून उडवून लावतात. आमच्या वेळी काय अभ्यास नव्हता का, असे म्हणतात. काही जण, आणि त्यांत तरुण प्राध्यापकही असतात, ते जसेच्या तसे मान्य करतात. पोरांवर फार दडपण आहे, थोडेफार चालायचेच, असे त्यांना वाटते. मला दोन्ही चुकीचे वाटते. मुलगा सांगतो तो ताण अगदी खरा आहे. पण त्या ताणावर व्हेपने आराम पडतो हे खरे नाही, आणि ते खरे नाही हे ओढणाऱ्याला आतून कळणे फार कठीण असते. निकोटिनची करणीच तशी आहे. हे दोन्ही एकदम लक्षात घेतल्याशिवाय या प्रश्नावर बोलण्यात अर्थ नाही. आज घरांत आणि महाविद्यालयांत नेमके उलटे चालले आहे: ताणाला खोटे ठरवायचे आणि वस्तू तेवढी जप्त करायची.

ती वस्तू एकदा हातात घेऊन पाहायला हवी. हायलायटर पेनाएवढी, चकचकीत रंगाची. आत लिथियमची छोटी बॅटरी, कापसाच्या वातीला गुंडाळलेली तारेची कॉइल, आणि प्रॉपिलीन ग्लायकॉल व ग्लिसरीनच्या द्रवात मिसळलेले निकोटिन. जोडीला आंबा, पुदिना, कलिंगड असा कुठला तरी फ्लेवर. तोंडाने ओढले की कॉइल तापते आणि द्रवाचे सूक्ष्म थेंब धुरासारखे बाहेर येतात. काडी ओढावी लागत नाही, राख झाडावी लागत नाही. शर्टाच्या बाहीत मावते. वास थोड्या वेळात विरून जातो, त्यामुळे शेजारच्या खोलीतल्या रेक्टरलाही पत्ता लागत नाही.

आजच्या रूपातली ई-सिगारेट, म्हणजेच व्हेप, चीनमधल्या होन लिक या औषधतज्ज्ञाने २००३ मध्ये तयार केली. पण ती तरुणांच्या खिशात पोहोचली ती एका विद्यापीठातून. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात ॲडम बोवेन आणि जेम्स मन्सीज हे दोघे प्रॉडक्ट डिझाइन शिकत होते, दोघेही सिगारेट ओढत. अभ्यासातून बाहेर येऊन सिगारेट ओढताना त्यांना सुचले की धुराशिवाय हीच गोष्ट करता येईल, आणि २००५ मध्ये त्यांनी तोच विषय पदव्युत्तर प्रकल्प म्हणून मांडला. दहा वर्षांनी, २०१५ मध्ये, त्यातून ज्यूल नावाचे व्हेप बाजारात आले. त्यातली खरी नवी गोष्ट रसायनाची होती. निकोटिन मुळात घशाला झोंबते. पहिल्या सिगारेटला ठसका लागतो, डोळ्यांत पाणी येते, आणि पुष्कळ मुले तिथेच थांबतात. ज्यूलने निकोटिनला बेंझोइक आम्लाची जोड देऊन त्याचा क्षार केला; झोंबणे गेले, मात्रा मात्र चढीच राहिली. एका पॉडमध्ये, म्हणजे द्रवाच्या एका कुपीत, सुमारे सिगारेटच्या एका पाकिटाइतके निकोटिन असते, असे कंपनीच सांगत असे. नवख्याला अडवणारी नैसर्गिक पायरीच काढून टाकली गेली. डिसेंबर २०१८ मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलनी तरुणांमधल्या या वापराला साथ म्हटले, आणि त्याच महिन्यात मार्लबरो विकणाऱ्या आल्ट्रियाने ज्यूलचा ३५ टक्के हिस्सा १२.८ अब्ज डॉलरना विकत घेतला. सिगारेटच्या कंपनीला या वस्तूत आपले भविष्य दिसले, एवढे त्यावरून समजायला हरकत नाही.

आता टेन्शनकडे येऊ. झुरका घेतल्यापासून दहा-वीस सेकंदांत निकोटिन मेंदूत पोहोचते, तिथल्या विशिष्ट ग्राहकांना (रिसेप्टर्सना) चिकटते आणि डोपामिन सुटते. क्षणभर हलके वाटते, लक्षही लागते. त्याच वेळी हृदयाचे ठोके वाढतात आणि रक्तदाब चढतो. म्हणजे डोक्याला आराम पडल्यासारखे वाटत असताना शरीर धावपळीच्या तयारीत गेलेले असते. पुढे साधारण दोन तासांत रक्तातले निकोटिन निम्म्यावर येते. रोज ओढणाऱ्याच्या मेंदूत या ग्राहकांची संख्या वाढलेली असते, आणि त्यांना निकोटिन मिळाले नाही की चिडचिड सुरू होते, अस्वस्थ वाटते, लक्ष उडते, झोप लागत नाही. नीट पाहिले तर टेन्शनची म्हणून जी लक्षणे आपण सांगतो ती हीच. निकोटिन उतरल्यामुळे आलेली बेचैनी आणि उद्याच्या पेपरमुळे आलेली बेचैनी यांत आतून फरक करता येत नाही. मुलगा पफ घेतो, निकोटिनची बेचैनी शमते, आणि त्याला वाटते की पेपरची शमली. सावकाराकडून नवे पैसे उचलून त्याच्याच जुन्या कर्जाचे व्याज भरावे, आणि तो वेळेला धावून आला म्हणून त्याचे उपकार मानावेत, तसे हे आहे.

हे काही नव्याने सुचलेले नाही. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ अँडी पॅरट यांनी १९९९ मध्ये ‘अमेरिकन सायकॉलॉजिस्ट’मध्ये हाच प्रश्न विचारला होता: धूम्रपान ताण कमी करते की निर्माण करते? त्यांचे म्हणणे असे की ओढणाऱ्याला सिगारेटनंतर जे बरे वाटते, ते न ओढणाऱ्याच्या नेहमीच्या पातळीवर परत येण्यापलीकडे काही नसते. २०१४ मध्ये जेमा टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘बीएमजे’मध्ये २६ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. सिगारेट सोडलेल्यांची चिंता, नैराश्य आणि ताण हे न सोडलेल्यांच्या तुलनेत कमी झालेले दिसले. हा फरक नैराश्यावरच्या औषधांनी पडणाऱ्या फरकाच्या तोडीचा होता. हे अभ्यास सिगारेटचे आहेत, व्हेपचा पुरावा अजून तेवढा जुना नाही. पण बेचैनी निर्माण करणारा पदार्थ दोन्हींत तोच आहे. आधीच ताणात असलेली मुले व्हेपकडे जास्त वळतात, असे कोणी म्हणेल. वळत असतीलच. पण त्याने मुद्दा आणखी गंभीर होतो, कारण ज्याला आधीच त्रास आहे त्याच्या वाट्याला आणखी एक त्रास येतो. शिवाय मेंदूचा निर्णय आणि संयम सांभाळणारा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो, आणि विद्यापीठातली बहुतेक वर्षे त्या वयाच्या आतली असतात.

पुण्यात पेइंग गेस्ट म्हणून राहणाऱ्या, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षातल्या एखाद्या मुलाचा दिवस डोळ्यांसमोर आणा. रात्रभरात निकोटिन उतरलेले असते, म्हणून दात घासायच्या आधी हात उशीखाली जातो. पहिले लेक्चर कसेबसे निघते. दुसऱ्याला तो मागच्या बाकावर बसतो, बाही तोंडाशी नेतो, धूर छातीतच जिरवतो. दुपारचे प्रॅक्टिकल लांबते आणि मध्ये बाहेर जाता येत नाही. जर्नलमधल्या रीडिंग चुकतात, पार्टनरशी खटका उडतो, आणि तो म्हणतो की हे प्रॅक्टिकलच डोक्यात जाते. संध्याकाळी अभ्यासिकेत दर दहा मिनिटांनी एक पफ. रात्री एकपर्यंत वाचन, मग झोप येत नाही म्हणून पुन्हा पफ, आणि निकोटिन स्वतःच झोप उडवणारे असल्याने आणखी जागरण. आता परीक्षेचा दिवस घ्या. आत जाण्याआधी त्याने भरपूर ओढलेले असते. पहिला तास ठीक जातो. पेपर अर्ध्यावर येतो तेव्हा त्याला घाम फुटतो, पाठ असलेली गोष्ट आठवत नाही, पाय हलत राहतो. बाहेर आल्यावर तो मित्रांना सांगतो, ‘पेपर लई टफ होता रे, डोकंच चालेना.’ पेपर अवघड असेलही. पण त्या दुसऱ्या तासात त्याच्या शरीरात काय चालले होते, हे त्याला कुणी सांगितलेले नसते.

सिगारेट आणि व्हेप यांत एक फरक मला फार महत्त्वाचा वाटतो, आणि त्याबद्दल फारसे बोलले जात नाही. सिगारेट संपते. दहा-बारा झुरके झाले की ती बोटांना चटका देते आणि माणसाला खाली टाकावी लागते. शिवाय ती ओढायला उठावे लागते, जिना उतरून टपरीपर्यंत जावे लागते. टपरीवर कटिंग असतो, दोन मित्र भेटतात, कुणाच्या तरी मास्तरांची नक्कल होते, उन्हात उभे राहणे होते. सिगारेटचे समर्थन मला करायचे नाही; तिने माणसे मरतात आणि मोठ्या संख्येने मरतात. पण त्या दहा मिनिटांत मुलाला जे बरे वाटत होते त्यातला बराच वाटा चालण्याचा, गप्पांचा आणि पुस्तकापासून दूर जाण्याचा होता, निकोटिन त्याचे श्रेय फुकट घेऊन जात होते. व्हेपने त्या सुटीतले निकोटिन तेवढे उचलले आणि सुटी मागे टाकली. आता उठावे लागत नाही, कुणाला भेटावे लागत नाही, कुठे थांबायचे हे सांगणारा शेवटही नाही. पाच हजार पफ असे लिहिलेली वस्तू कधी संपते हे कुणाच्याच लक्षात राहत नाही. बाथरूमच्या बंद दाराआड, पांघरुणात, अभ्यासाच्या टेबलावर मुलगा एकटाच ओढत असतो. ताणावर खरोखर गुण देणारी जी एक गोष्ट त्या सवयीत होती, माणसांची सोबत, तीही गेली.

ताणासाठी निकोटिन हे महाराष्ट्राला नवे नाही. खापरावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, कुटून बारीक करायची, डबीत भरायची आणि सकाळी उठल्याबरोबर बोटाने हिरड्यांना लावायची, ही मिश्री खेड्यापाड्यांतल्या कितीतरी बायांनी आयुष्यभर लावली. ‘मिश्री लावल्याबिगर काम सुचत नाही गं बाई,’ हे वाक्य ज्यांनी ऐकले आहे त्यांना व्हेप ओढणाऱ्या नातवाची भाषा परकी वाटणार नाही. त्या बाईवरचा भार खोटा नव्हता. पहाटेचे पाणी, चूल, मग रानातले काम, आणि पोटात काही नसताना मारून नेलेली भूक. भार कमी करायला कुणी आले नाही, मिश्री तेवढी मिळाली. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या प्रौढांत धूम्रपान करणारे ३.८ टक्के होते आणि धूरविरहित तंबाखू घेणारे २४.४ टक्के. म्हणजे या राज्यात सिगारेट-बिडी कमीच ओढली जाते. आमची सवय चुन्यात मळलेल्या तंबाखूची, गुटख्याची आणि मिश्रीची.

हा आकडा आणखी एका कारणासाठी महत्त्वाचा आहे. व्हेपच्या बाजूने एक गंभीर युक्तिवाद केला जातो आणि तो डावलून चालणार नाही. ब्रिटनची आरोग्ययंत्रणा म्हणते की सिगारेटच्या मानाने व्हेपचे नुकसान बरेच कमी आहे, आणि सिगारेट सोडायला त्याची मदत होते याला चांगला पुरावा आहे. मला हे मान्य आहे. वीस वर्षे रोज पाकीटभर ओढणाऱ्या माणसाने व्हेपवर जावे, तर त्याचा फायदाच आहे. पण सिगारेट मुळातच कमी ओढणाऱ्या या राज्यात, पुण्या-मुंबईच्या वसतिगृहात व्हेप हातात घेणारी एकोणीस वर्षांची मुलगी सिगारेट सोडत नसते. पुष्कळदा तिने सिगारेट कधी ओढलेलीच नसते. सिगारेटचा वास तिला नको असतो, लोक काय म्हणतील याची भीती असते, आणि आंब्याच्या वासाच्या व्हेपला या दोन्ही अडचणी नसतात. तिच्यासाठी तुलना सिगारेटशी नाही, स्वच्छ हवेशी आहे. आणि जिथे ही आरोग्ययंत्रणा आहे त्या ब्रिटननेही डिस्पोजेबल व्हेपची विक्री १ जून २०२५ पासून बंद केली, त्यामागच्या कारणांत मुलांचा वाढता वापर हे एक मोठे कारण होते.

आपल्याकडे बंदी त्याआधीच आली. १८ सप्टेंबर २०१९ रोजी केंद्राने अध्यादेश काढला, डिसेंबरमध्ये कायदा झाला. ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, वितरण, जाहिरात या सगळ्यांवर बंदी; पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. तरीही इन्स्टाग्राम-टेलिग्रामवरून माल घरपोच येतो. बंदी नको असे मी म्हणणार नाही. ती नसती तर रंगीत जाहिराती महाविद्यालयाच्या फाटकापर्यंत आल्या असत्या. पण बंदीने आपले काम झाले असे मानण्याचा जो आळस आला आहे, तो घातक आहे. चोरट्या मार्गाने येणाऱ्या वस्तूत निकोटिन किती आणि बाकी काय, याला कुणी जबाबदार नाही. दुसरे असे की वर्गमित्रांसाठी पाच-सहा नग मागवून देणारा मुलगा कायद्याच्या नजरेत वितरक ठरू शकतो, आणि त्याला ते माहीतही नसते. शैक्षणिक संस्थेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायची नाही हा नियम २००३ च्या कायद्यातला आहे, आणि सुट्या सिगारेटवर महाराष्ट्राने २०२० मध्ये बंदी घातली. आज कोणत्याही कॉलेजच्या फाटकाबाहेर उभे राहून हे दोन नियम पाळले जातात का, हे पाहावे.

माझी खरी तक्रार मात्र ताणाबद्दल आहे. मुलांचा ताण म्हणजे आकाशातून पडलेली वस्तू असल्यासारखे आपण बोलतो. श्वासाचे व्यायाम शिकवतो, ध्यानाचे शिबिर भरवतो, तणावमुक्तीवर पाहुण्यांचे व्याख्यान ठेवतो. या ताणातला मोठा वाटा विद्यापीठे आणि परीक्षायंत्रणा स्वतः तयार करतात, हे व्यासपीठावरून कुणी म्हणत नाही. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने पुरेशी तयारी न करता उत्तरपत्रिका संगणकावर तपासायला घेतल्या आणि निकाल महिनोन्महिने रखडले. परदेशी प्रवेश मिळालेली मुले गुणपत्रिकेसाठी खेटे घालत होती, नोकरी ठरलेल्यांची नोकरी टांगणीला लागली होती. ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले, पण त्या मुलांचे गेलेले महिने कुणी परत दिले नाहीत. मार्च २०२१ मध्ये एमपीएससीची १४ तारखेची पूर्वपरीक्षा तीन दिवस आधी पुढे ढकलल्याचे जाहीर झाले, आणि पुण्यात नवी पेठेत मुले रस्त्यावर उतरली. ती काही चंगळ करणारी मुले नव्हती. मेसचा डबा एक वेळ घेऊन दोन वेळा पुरवणारी, गावी आईवडिलांनी शेत गहाण टाकून पाठवलेली मुले होती. निकाल तीस दिवसांत, फार तर पंचेचाळीस दिवसांत लावावा, असे महाराष्ट्राचा विद्यापीठ कायदा सांगतो. पुनर्मूल्यांकनाचा निकाल येण्याआधीच केटीचा फॉर्म भरायची वेळ आलेला विद्यार्थी या राज्यात शोधावा लागत नाही.

कष्टाचा ताण माणूस सोसतो, त्यातून घडतोही. मोडून टाकतो तो अनिश्चिततेचा ताण, ज्यात आपण काय केले तर काय होईल हेच कळत नाही. एवढ्या मोठ्या गोष्टींतले काहीच हातात नसले की हातात असलेली एक छोटी गोष्ट, जी ओढली की दहा सेकंदांत हमखास काहीतरी घडते, तिचे आकर्षण समजण्यासारखे आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली आणि राज्यांच्या यादीत महाराष्ट्र पहिला होता. या मृत्यूंचा व्हेपशी संबंध जोडायचा माझा हेतू नाही. पण ‘पोरं हल्ली नाजूक झालीत’ असे म्हणणाऱ्यांनी हा आकडा समोर ठेवून ते वाक्य पुन्हा म्हणून पाहावे.

आणि व्हेप सापडल्यावर आपण करतो काय? वसतिगृहात झडती होते, वस्तू जप्त होते, घरी फोन जातो. वडील पहाटेच्या एसटीने येऊन कार्यालयात मान खाली घालून उभे राहतात, मुलाकडून माफीनामा लिहून घेतला जातो. त्या रात्री मुलाच्या अंगात निकोटिन उतरत असते, अपमानाचा ताण वर असतो, आणि घरच्यांशी बोलायची वाट बंद झालेली असते. सवय पक्की करायला याहून चांगली परिस्थिती कुणाला योजून आणता आली नसती.

सुप्रीम कोर्टाने जुलै २०२५ मध्ये विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा, असे त्यांत म्हटले आहे. एखाद्या प्राध्यापकाला जादा काम म्हणून ही खुर्ची देण्याची पद्धत यामुळे तरी थांबावी. समुपदेशकाने मुलाला पहिली गोष्ट सांगावी ती शरीराची: सोडल्यानंतरचे पहिले दोन-तीन दिवस सर्वांत वाईट जातात, चिडचिड आणि बेचैनी साधारण तीन-चार आठवड्यांत ओसरते, आणि त्या काळात जे वाटते ते आयुष्य कोसळल्याचे लक्षण नसते. म्हणून परीक्षेच्या आठवड्यात सोडायला जाऊ नये. सत्र संपल्याबरोबर सुटीत सुरुवात करावी, रूम पार्टनरला सांगून करावी. जास्तच जड गेले तर निकोटिनचे गम आणि पॅच असतात, ते डॉक्टरांना विचारून घ्यावेत. सरकारची तंबाखूमुक्तीची मोफत दूरध्वनी सेवा १८००-११-२३५६ वर आहे आणि मन:स्वास्थ्याची टेली-मानस सेवा १४४१६ वर. हे क्रमांक धूम्रपानबंदीच्या पाटीखाली लिहायला फार खर्च येत नाही.

पण मुलगा समुपदेशकाच्या दारापर्यंत येईल का, हे एका साध्या गोष्टीवर ठरेल. आत बोललेले शिस्तपालन समितीकडे जाणार नाही, वडिलांना फोन होणार नाही, ट्रान्सफर सर्टिफिकेटवर शेरा येणार नाही, याची त्याला खात्री हवी. जिवाला धोका असेल तेवढाच अपवाद. ही हमी तोंडी असून भागणार नाही. प्रवेशाच्या दिवशी अँटी-रॅगिंगचे प्रतिज्ञापत्र आपण मुलांकडून भरून घेतो. त्याच दिवशी, त्याच टेबलावर, ही हमी प्राचार्यांनी स्वतःच्या सहीने प्रत्येक मुलाच्या हातात द्यावी.